दोन चुलींचे घर : लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव ठाऊक नाही असा मराठी शाळेत शिकलेला माणूस विरळाच. ‘स्मृतिचित्रे’तील एखादा उतारा पाठ्यपुस्तकात कधी ना कधी भेटलेला असतो आणि तो वाचताना वर्गात पिकलेला हशा पुढे कित्येक वर्षे कानांत राहतो. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी घरांत दहा-वीस मराठी पुस्तके टिकून असली, तर त्यांत बहुधा हे एक असते. मात्र त्या हशाच्या आड एक गोष्ट झाकली जाते. हे घर एका प्रश्नामुळे मोडले आणि त्याच प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पुन्हा उभे राहिले. संसारात देवाला पहिले स्थान द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा तो प्रश्न. तो बायकामुलांना मागे सारून द्यायचा की बायकामुलांच्या मध्ये बसवून? प्रत्येक श्रद्धावान कुटुंबापुढे हा प्रश्न येतो. ख्रिस्ती कुटुंबात तर तो उपासनेत, जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत, पगाराच्या दिवशी आणि दाराशी आलेल्या पाहुण्याच्या वेळी रोज नव्याने उभा राहतो. लक्ष्मीबाईंना या प्रश्नाचे उत्तर कोणी आयते दिले नाही. म्हणून त्यांचे चरित्र येथे सांगावेसे वाटले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी झाला. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांचे, माहेरचे नाव मनकर्णिका, घरातले मनू. आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले. त्या आघाताने मनूच्या वडिलांच्या मनात जे भय शिरले, त्याने सोवळ्याचे रूप घेतले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. त्यांत मीठ आणि साखरही सुटत नसत. मीठ धुतले की त्यातले निम्मे वाहून जाणार, हे लहान मुलालाही कळते. पण त्या घरात ते बोलायची सोय नव्हती. शिवाशिवीच्या धाकाने पत्नीला आणि मुलांना जगणे नकोसे होई. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सारे हसत हसत लिहिले, म्हणून आपणही हसतो. पण बालपणीच त्यांनी पाहिले ते असे, की देवाच्या नावाने उभारलेली शिस्त घरातल्या माणसांना गुदमरवू शकते. वडिलांच्या लेखी देवधर्मच पहिला होता, याविषयी शंका नाही. फक्त त्या पहिल्या स्थानाखाली बाकी सारी माणसे चिरडली जात होती.

अकरा-बारा वर्षांच्या वयात, १८८० च्या सुमारास, मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. (हे टिळक म्हणजे कवी टिळक, फुलामुलांचे कवी, लोकमान्य नव्हेत. हा घोटाळा अजूनही होतो म्हणून सांगितले.) टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातील करजगावचा. वडील तापट, आई कवितेची आवड असलेली. आई गेली आणि अकरा वर्षांच्या नारायणाने घर सोडून नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. बुद्धी विलक्षण, वाणी रसाळ, अंतःकरण लोण्यासारखे. पण एका जागी पाय ठरेल तर शपथ. नोकरी धरावी, सोडावी, कोणाला न सांगता निघून जावे, महिनोन्‌महिने पत्ता नसावा, आणि मग एके दिवशी काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने दारात उभे राहावे. खिशातले पैसे समोर आलेल्या गरजवंताच्या हाती जात आणि घरात काय शिजणार ही काळजी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. सासरे कडक, सासू नाही, नवरा परागंदा आणि पदरात मुले. त्यांतली काही लहानपणीच गेली. दत्तात्रेय तेवढा हाती लागला. तोच पुढचा देवदत्त.

एक गोष्ट मात्र टिळकांनी मनापासून केली. त्यांनी बायकोला अक्षरओळख करून दिली. त्या काळच्या रीतीने पाहता हे धाडसच होते, आणि त्याचे फळ किती मोठे असेल याची त्या दोघांनाही कल्पना असणे शक्य नव्हते.

नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांचे थोडे बस्तान बसले. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, या विचाराने त्यांना त्या काळात घेरले होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. कवितेवर गप्पा झाल्या, धर्मावर झाल्या. त्या गृहस्थाने त्यांना पवित्र शास्त्राची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असावे, पण पुस्तक वाचायचे दिलेले वचन मोडले नाही. आरंभीची पाने त्यांना फारशी रुचली नाहीत. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच अडकले. त्यानंतरचा काळ चोरून वाचन, पत्रव्यवहार, रात्रीचे जागरण यांत गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पत्नीला त्यांनी आधी विश्वासात घेतले नव्हते. बातमी आली ती घडून गेल्यावर, नातेवाइकांच्या तोंडून, अर्धी लपवलेली, अर्धी फुटलेली. टिळकांच्या चरित्रकारांना हा प्रसंग आत्मत्यागाचा वाटतो आणि त्यात तथ्यही आहे. त्यांनी मान, आप्त, आश्रय, सारे एका क्षणी सोडले. परंतु त्यांनी जे सोडले त्यात असे बरेच होते जे एकट्या त्यांचे नव्हते. सव्वीस वर्षांची स्त्री, लहान मुलगा, आणि आपण सवाष्ण की विधवा हे तिचे तिलाच कळेना अशी अवस्था. देवाला पहिले स्थान देण्याच्या त्या पहिल्या पावलात टिळकांकडून पत्नीवर अन्याय झाला, असेच म्हणावे लागेल. पुढच्या साडेचार-पाच वर्षांत टिळक ज्या धीराने वागले, त्यावरून त्यांनाही ते उमगले होते असे दिसते.

ती वर्षे लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात, नणंदेच्या आणि माहेरच्या माणसांच्या आधाराने काढली. दुःखाने त्यांची प्रकृती ढासळली, मनाचा तोल जातो की काय अशी भीती सगळ्यांना वाटू लागली. याच काळात त्या पद्ये जुळवू लागल्या. विठोबाच्या गावी, वारकऱ्यांच्या टाळमृदंगात, एक टाकलेली बाई आपल्याशीच ओव्या जोडीत बसली होती. टिळकांची पत्रे येत. त्यांत कविता असत, विनवण्या असत, मुलाची चौकशी असे. मात्र तुलाही ख्रिस्ती व्हावेच लागेल असा हट्ट नसे.

येथे त्या काळचा कायदा लक्षात घ्यायला हवा. १८६६ साली सरकारने केलेल्या कायद्यान्वये, धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार त्या कारणाने सहवास नाकारत असेल, तर धर्मांतरिताला न्यायालयामार्फत तो विवाह रद्द करून घेता येत असे आणि दुसरे लग्न करण्याची वाट मोकळी होई. टिळक तरुण होते, विद्वान होते, नव्या समाजात त्यांना मान होता. ती वाट त्यांनी धरली नाही. पत्नी परत येईल या आशेवर ते अहमदनगरला राहिले, अमेरिकन मराठी मिशनच्या पाठशाळेत शिकवीत राहिले आणि वाट पाहत राहिले. पहिल्या दिवशी देवासाठी घर सोडणारा हा माणूस पुढची पाच वर्षे देवाकडे ते घरच परत मागत होता.

अखेर लक्ष्मीबाई आल्या. कोणाच्या उपदेशाने नव्हे. मुलाला बाप हवा आणि आपल्याला आपला माणूस हवा, एवढ्या साध्या कारणाने आल्या. आल्या त्या आपल्या अटींवर. त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी, सोवळे वेगळे, देव वेगळे. ख्रिस्ती नवरा आणि ब्राह्मण बायको यांच्या दोन चुली एका कुटुंबात पेटू लागल्या. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत ही व्यवस्था अनेकांना विचित्र वाटली असणार, आणि जुन्या आप्तांना तर ती आणखीच विचित्र वाटली असेल. टिळकांनी ती पूर्णपणे मान्य केली. पत्नीच्या पाण्याला आपला हात लागू नये याची काळजी त्यांनी घेतली. जे सोवळे त्यांनी स्वतः खोटे म्हणून टाकून दिले होते, ते पत्नीसाठी त्यांनी पाळले.

मला टिळकांच्या साऱ्या आयुष्यात हा भाग सर्वांत मोठा वाटतो. त्यांचे अभंग गोड आहेत, त्यांच्या भजनांनी मराठी मंडळ्यांना स्वतःचा सूर दिला, हे खरेच. पण घरातल्या दुसऱ्या माणसाच्या श्रद्धेला धक्का न लावता आपल्या देवाला मनात पहिले स्थान देणे हे अभंग रचण्याहून अवघड. तेथे टाळ्या नाहीत. दुपारी तहान लागली असता समोरच्या घागरीला हात न लावता बाहेर जाऊन पाणी पिणे, एवढेच त्याचे स्वरूप. पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांची भक्ती मुलांच्या अंगावर कोसळते. या घरात ती शेजारी बसून राहिली.

बदल घडला तो लक्ष्मीबाईंच्याच विचाराने, राहुरीच्या मुक्कामात. त्यांच्या मनाने घेतलेली वाट अशी. देवाने प्राणी निर्माण केले, झाडे निर्माण केली आणि प्रत्येक जातीला डोळ्यांना दिसेल अशी खूण दिली. गाय आणि घोडा यांत भेद आहे, आंबा आणि वड यांत आहे. माणसांत पुरुष आणि स्त्री एवढा भेद देवाने केलेला दिसतो. मग ब्राह्मणाला आणि महाराला वेगळे ठरवणारी देवाच्या हातची खूण कोठे आहे? ती सापडेना. जी खूण देवाने केली नाही ती माणसाने केली असली पाहिजे. आणि माणसाने केलेली असेल तर ती पाळण्याचे आपल्यावर बंधन नाही. या विचारात पुस्तकी पांडित्य नाही. मीठ धुणाऱ्या बापाच्या मुलीने केलेली ती साफसफाई होती. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असा निश्चय त्यांनी केला. येशू ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. आधी माणसातला भेद गेला, मग देवाचे नवे नाव आले. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण आपल्याकडे सहसा याच्या उलट घडते. नाव बदलते आणि भेद राहतात.

निश्चय करणे एका दुपारचे काम, तो अंगवळणी पडणे वर्षांचे. वर्षानुवर्षे शिवलेल्या पाण्याची किळस वाटलेल्या शरीराला पहिला घोट सोपा गेला नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दुसरी चूल विझली.

तो काळ भीषण दुष्काळाचा होता. छप्पन्नचा दुष्काळ म्हणून तो अजून पश्चिम आणि मध्य भारतात लोकांच्या तोंडी आहे, कारण विक्रम संवत १९५६ त्या वर्षी चालू होता. नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागांतून माणसे निघाली, वाटेत पडली. मुले मागे राहिली. टिळकांच्या घरी अशी पोरकी मुले येऊ लागली. टिळक त्यांना आणीत आणि लक्ष्मीबाईंच्या स्वाधीन करीत. पुढे त्यांच्या उवा काढणे, खरूज धुणे, भाकरी थापणे, भांडणे मिटवणे, रात्री रडणाऱ्याला जवळ घेणे हे काम कोणाचे, ते सांगायला नको. त्या मुलांच्या जाती कोणी विचारल्या नाहीत. काही वर्षांपूर्वी स्वतःच्या नवऱ्याचा हात पाण्याला लागू न देणारी बाई आता त्या मुलांना एका ताटात जेवू घालीत होती. ख्रिस्ती घराण्यात देव पहिला असतो म्हणजे काय, हे कोणी विचारले असते तर लक्ष्मीबाईंनी बहुधा काही उत्तर दिले नसते. त्या वेळी त्यांचे हात पिठात असत.

टिळकांचा स्वभाव बाप्तिस्म्याने बदलला नव्हता. भूतदया वाढली, व्यवहार होता तेथेच राहिला. अंगावरचा कपडा देऊन यावे, बाजारासाठी दिलेल्या पैशांत भलतेच काहीतरी आणावे, पाहुणा आणून बसवावा आणि घरात पीठ नाही हे कळल्यावर बालकासारखे आश्चर्य करावे. लक्ष्मीबाई संतापत, बोलत, हसत आणि जेवण उभे करीत. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी नवऱ्याला संत म्हणून मखरात बसवले नाही आणि स्वतःला सोशिक सती म्हणूनही नाही. त्यांच्या भांडणांची जी वर्णने आहेत ती वाचून भाविक वाचकांना थोडे अवघडल्यासारखे होते. मला वाटते, तीच त्या पुस्तकाची सचोटी आहे. सकाळी प्रार्थना म्हटलेल्या घरात दुपारी वाद होतात, आणि झालेल्या वादावर संध्याकाळी पुन्हा प्रार्थना म्हणावी लागते. कुटुंबाची उपासना टिकते ती अशीच. जेथे एकदाही आवाज चढलेला नाही अशा घराचे चित्र धर्मपुस्तिकांत शोभते, पण त्याचा पालकांना फारसा उपयोग होत नाही.

त्या घराची दारे कोणाकोणाला उघडी होती याचे एक उदाहरण मराठी कवितेच्या इतिहासात आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाच्या कवितेने सर्वांना जिंकले आणि तो बालकवी झाला. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. टिळकांनी त्याच्या प्रतिभेला जपले, लक्ष्मीबाईंनी त्याच्या पोटाला. तो हिंदू होता आणि १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अकाली अंत झाला तोपर्यंत हिंदूच राहिला. त्याला ख्रिस्ती करून घ्यावे असा आग्रह त्या घरात धरला गेला नाही. ज्यांनी पाच वर्षांच्या ताटातुटीचे दुःख सोसले होते, त्यांना कोणाच्या श्रद्धेवर हात टाकण्यातला धोका चांगला ठाऊक होता. धर्मप्रसारक म्हणून पगार घेणाऱ्या माणसाच्या घरी हे घडले, ही लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. गावोगावच्या मंडळ्यांत त्यांची भजने गायिली जात होती. अभंग, ओवी, टाळ, कीर्तन या आपल्या मातीतल्या भांड्यांतून ख्रिस्ताची भक्ती वाहिली पाहिजे, परदेशी चालीच्या पेटीतूनच नव्हे, हा त्यांचा ध्यास होता. आज महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळ्यांतही संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत त्यांची गीते गायिली जातात. गाणाऱ्या मुलांना कवीचे नाव ठाऊक असतेच असे नाही.

आणि मग १९१७ साली जुना टिळक पुन्हा जागा झाला. मिशनची नोकरी सोडून, पगाराचा आधार टाकून, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडण्याचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारे जेथे भावाभावांसारखे बसतील असे ते मंडळ व्हायचे होते. टिळकांचे वय तेव्हा पंचावन्न. दुसऱ्या कोणत्याही पत्नीने कपाळावर हात मारून घेतला असता, आणि लक्ष्मीबाईंनी तो मारून घेतला नसेल असे मी म्हणत नाही. पण १८९५ आणि १९१७ यांत मोठा फरक होता. या वेळी टिळक एकटे गेले नाहीत. लक्ष्मीबाई साताऱ्याला आल्या. पहिल्या वेळी ज्यांना बातमी परक्याच्या तोंडून कळली होती, त्या या वेळी सामान बांधणाऱ्या होत्या.

दरबार फार दिवस चालला नाही. टिळकांची प्रकृती खालावत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले आणि रक्षा नगरला नेण्यात आली. ख्रिस्ती समाजात ही गोष्ट त्या वेळी रूढीबाहेरची होती.

लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नास. हाती पैसा नव्हता, शाळेचे प्रमाणपत्र नव्हते. मुंबईत त्यांनी वसतिगृहातील मुलींची देखरेख करण्याचे काम केले. नंतर मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीला गेल्या. कराचीत त्या वेळी मराठी माणसांची चांगली वस्ती होती. आपली भाषा बोलणारे चार चेहरे परमुलखात दिसले की माणूस कसा उमलतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही. नातवंडे, शेजार, मंडळीतली कामे आणि लेखन असा त्यांचा दिवस असे. लेखन म्हणजे मेज आणि एकांत असे नव्हे. घर चालत असताना जे जमेल ते.

टिळकांचे चरित्र लिहायचे देवदत्तांच्या मनात होते आणि त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात असा त्यांनी लकडा लावला. त्या आठवणी म्हणजेच ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून चार भागांत त्या पुस्तकरूपाने आल्या. नवऱ्याच्या चरित्राची टिपणे म्हणून जे सुरू झाले ते लिहिणारीचे आत्मचरित्र झाले, आणि मराठीतल्या मोजक्या अक्षर ग्रंथांत जाऊन बसले. पुस्तकात धर्मोपदेश नाही म्हटले तरी चालेल. तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत देव कोठे आहे हे वाचकाला कळत राहते. सोवळ्यात तो नाही, हे लहानपणी कळले. नवऱ्याच्या पळून जाण्यात तो आहे की नाही याचा निवाडा त्यांनी वाचकावर सोडला. आणि पोरक्या मुलांच्या ताटांपाशी तो आहे हे सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही.

याखेरीज एक मोठे काम राहिले होते. टिळकांनी येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते. त्याचे नाव ‘ख्रिस्तायन’. जुन्या रामायण-भारताप्रमाणे मराठी घरांत ते वाचले जावे, आजीने म्हणावे आणि नातवंडांनी ऐकावे, असा ग्रंथ त्यांना हवा होता. पहिले दहा-अकरा अध्याय लिहून झाले आणि ते गेले. हस्तलिखित तसेच राहिले. त्यांच्या भोवती विद्वान मित्र पुष्कळ होते, कवीही होते. लेखणी हाती घेतली ती लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने चौसष्ट अध्याय रचले. पंढरपूरच्या दुःखात जुळवलेल्या ओव्यांचा हात आता बेथलेहेम, गालील आणि यरुशलेम यांच्या कथेत चालू लागला. दळण, पाणी, लेकरे, आजारपण हे त्यांच्या ओळखीचे जग होते आणि शुभवर्तमानातही तेच जग आहे, त्यामुळे त्यांना फार दूर जावे लागले नाही.

काम संपत आले असताना २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले. शेवटचा, शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले.